घरगुती रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर : वर्गणी भरायची की एकदाच विकत घ्यायचं?

खर्जपंचम (धागाकर्ता)

आवाज, पेटी, तबला, एखादी गिटार आणि मागे तानपुरा, एवढं घरच्या घरी रेकॉर्ड करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न इथे वारंवार येतो. उत्तरं बहुतेक 'मी अमुक वापरतो, छान आहे' अशी असतात. या धाग्यावर दोनच गोष्टी बोलू : पैसे नेमके किती आणि कधी जातात, आणि रोज वापरताना गाडी कुठे अडते.

सुरुवात मीच करतो. विक्रीच्या तऱ्हा मुख्यतः तीन.

पहिली, वर्गणी. प्रो टूल्स आर्टिस्ट महिन्याला 9.99 डॉलर किंवा वर्षाला 99 डॉलर. त्याच्या वरची स्टुडिओ आवृत्ती वर्षाला 299 डॉलर. आयपॅडवरचं लॉजिक प्रो 2023 च्या मे महिन्यात आलं तेच महिन्याला 4.99 डॉलर किंवा वर्षाला 49 डॉलर या दरानं.

दुसरी, एकदा विकत घ्या आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीला अपग्रेडचे पैसे द्या. क्युबेस आणि एबलटन लाइव्ह याच गटातले. रीपरही इथलाच, फक्त त्याचं एक लायसन्स दोन मोठ्या आवृत्त्यांना पुरतं. आज 7 व्या आवृत्तीचं लायसन्स घेतलं तर ते 8.99 पर्यंत चालतं. रीपर 5 आला 2015 मध्ये, 6 आला 2019 च्या शेवटी, 7 आला 2023 च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एक मोठी आवृत्ती साधारण चार वर्षं टिकते. लायसन्स 60 डॉलर.

तिसरी, एकदाच पैसे आणि पुढचे अपडेट फुकट. एफएल स्टुडिओचं हेच धोरण आहे. मॅकवरचं लॉजिक प्रो 199.99 डॉलरला मिळतं. 2013 च्या लॉजिक प्रो एक्सपासून जुन्या ग्राहकांना अपग्रेडचे पैसे पडलेले नाहीत, 2024 ची 11 वी आवृत्तीसुद्धा त्यांना तशीच मिळाली.

पाच वर्षांचा हिशेब मांडला तर आर्टिस्टचे 495 डॉलर होतात आणि रीपरचे 60. पण नुसत्या बेरजेवर निर्णय घेऊ नये असं माझं मत आहे. वर्गणी थांबवली त्या दिवशी तुमच्या हातात काय उरतं, हे आधी बघा.

सातमात्रा

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून तेच उलगडून सांगते.

रेकॉर्डिंगमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात. एक, प्रत्यक्ष आवाजाच्या वेव्ह फाइल. त्या कुठल्याही सॉफ्टवेअरात उघडतात. दुसरी, प्रोजेक्ट फाइल. कुठला तुकडा कुठे ठेवला, कुठे कापला, पेटीचा आवाज किती खाली घेतला, रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) कुठला आणि किती, हे सगळं तिच्यात असतं. आठवडाभर राबून केलेलं मिक्सिंग या दुसऱ्या फाइलमध्ये आहे आणि ती ज्या त्या सॉफ्टवेअरातच नीट उघडते.

प्रो टूल्सची वर्गणी संपली की फुकटची इंट्रो आवृत्ती उरते. तिची मर्यादा 8 ऑडिओ, 8 इन्स्ट्रुमेंट आणि 8 मिडी ट्रॅक (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कुठला स्वर कधी वाजवला याची नोंद). आर्टिस्टमध्ये 32 ऑडिओ ट्रॅक चालतात. तबल्याचे दोन माइक, पेटीचे दोन, मुख्य आवाज, कोरसचे चार आणि तानपुरा धरला तर साध्या अभंगाचे दहा ट्रॅक होतात. ते सेशन (म्हणजे प्रो टूल्समधलं प्रोजेक्ट) इंट्रोच्या मर्यादेत बसत नाही. दोन वर्षांनी फक्त कोरस थोडा खाली घ्यायचा झाला तरी आधी वर्गणी भरा.

एकरकमी लायसन्सचं तसं नाही. अपग्रेड घेतलं नाही तर नवं काही मिळत नाही इतकंच. जुनी आवृत्ती चालत राहते, निदान तुमची ऑपरेटिंग सिस्टिम तिला साथ देते तोवर.

प्रोजेक्ट फाइल आतून कशी आहे हेही पाहावं. रीपरची आरपीपी फाइल निव्वळ मजकूर आहे. नोटपॅडमध्ये उघडलीत तर टेम्पोच्या ओळीत 96 4 4 असे आकडे दिसतात, ट्रॅकची नावं दिसतात, प्रत्येक तुकडा कितव्या सेकंदाला सुरू होतो तेही वाचता येतं. एबलटनची एएलएस फाइल म्हणजे झिप करून ठेवलेलं एक्सएमएल, खुणा घातलेला मजकूरच. आर्डर या मोकळ्या सॉफ्टवेअरचं सेशनही एक्सएमएलच. उद्या ही सॉफ्टवेअर बंद पडली तरी कोणीतरी ती माहिती वाचू शकेल. प्रो टूल्स आणि क्युबेसच्या फाइल अशा वाचता येत नाहीत.

जमाखर्च

वर डॉलरमध्ये आकडे आलेत. भारतात राहणाऱ्याच्या खात्यातून जातात ते वेगळे.

डॉलर 90 रुपये धरू. आर्टिस्टची वार्षिक वर्गणी 99 डॉलर. परदेशी कंपनीकडून डिजिटल सेवा घेतली की 18 टक्के जीएसटी लागतो. कंपनीनं तो बिलात लावला तर झाले 116.82 डॉलर, म्हणजे 10,514 रुपये. बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप अनेक कार्डांवर 3.5 टक्के असतो, तो 368 रुपये. त्या मार्कअपवर पुन्हा 18 टक्के जीएसटी, 66 रुपये. एकूण 10,948. जाहिरातीतले 99 डॉलर म्हणजे 8,910 रुपये समजून बसलात तर दोन हजारांनी चुकाल. परकीय व्यवहाराला मार्कअप न लावणारी कार्डंही असतात. वर्षाची वर्गणी भरण्याआधी आपल्या कार्डाचं दरपत्रक वाचा.

दुसरी अडचण आपोआप वसुलीची. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (आपोआप वसुलीला दिलेल्या परवानगीचे) नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू आहेत. मँडेट नोंदवताना ओटीपी लागतो, प्रत्येक वसुलीच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते, आणि रक्कम 15,000 रुपयांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी. ही मर्यादा आधी 5,000 होती, जून 2022 मध्ये वाढवली. प्रो टूल्स स्टुडिओचे 299 डॉलर म्हणजे 26,910 रुपये. ते ओटीपीशिवाय जाणारच नाहीत.

बऱ्याच परदेशी विक्रेत्यांची यंत्रणा या नियमांत बसत नाही. पहिल्या महिन्याचे पैसे जातात, कारण ते तुम्ही ओटीपी टाकून दिलेले असतात. दुसऱ्या महिन्याची वसुली नाकारली जाते, कंपनी दोन-तीनदा प्रयत्न करते आणि लायसन्स बंद करते. नेमकं काम चालू असताना हे होतं. म्हणून वर्गणीच घ्यायची असेल तर आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. वार्षिक घ्या, मुदत संपण्याच्या आठवडाभर आधीची आठवण फोनमध्ये लावा आणि स्वतः भरा. कार्ड नवं असेल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावे लागतात. मार्च 2020 नंतर दिलेल्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात.

आयपॅडवाल्यांना हा त्रास कमी. ॲप स्टोअरवर यूपीआय चालतं.

पेटीवाला_सांगली

रीपर 60 दिवस फुकट आणि मग 60 डॉलर, हे कळलं. पण 225 डॉलरचंही लायसन्स दिसतं. घरी रेकॉर्डिंग करून कधीमधी लग्नाच्या मंगलाष्टकांचे किंवा शाळेच्या समूहगीताचे पैसे घेतले तर कुठलं लागेल? आणि 60 दिवसांनंतर ते बंद पडतं का?

खर्जपंचम

@पेटीवाला_सांगली, 60 डॉलरचं लायसन्स व्यक्तिगत वापराला, शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांना, आणि व्यवसायासाठी वापरत असाल तर वार्षिक ढोबळ उत्पन्न 20,000 डॉलरच्या आत असलेल्यांना चालतं. मंगलाष्टकांच्या कामाला ते पुरेसं आहे. दोन्ही लायसन्सांत सॉफ्टवेअर तेच, एकही सोय कमी नाही.

60 दिवसांनंतर ते बंद पडत नाही, सुरू करताना आठवण करून देतं. पण बंद पडत नाही म्हणून पैसे न देता वापरत राहणं बरोबर नाही. इतक्या कमी किमतीत, कुलूप न लावता, मोजकी माणसं हे चालवतात. मुदत संपली की पैसे भरावेत.

चाचणीच्या अटी प्रत्येकाच्या निराळ्या असतात, तेही बघून घ्या. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत प्रोजेक्ट सेव्ह होतं, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. तिथे चाचणी चालू असतानाच वेव्ह काढून ठेवावी लागते. आणि त्याची सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्ती बीट बनवण्यासाठी आहे. माइकवरून गाणं रेकॉर्ड करायचं तर किमान प्रोड्यूसर आवृत्ती लागते. स्वस्त दिसली म्हणून फ्रूटी घेणारे इथेच फसतात.

बफर१२८

पैशांचं छान चाललंय, आता वापराकडे येतो. नव्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली : 'हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा येतो, सॉफ्टवेअर खराब आहे.' यात सॉफ्टवेअरचा दोष क्वचितच असतो.

विंडोजवर क्रमानं हे करा. इंटरफेसच्या (माइक आणि लॅपटॉप यांना जोडणाऱ्या यंत्राच्या) कंपनीच्या साइटवरून तिचाच एसिओ ड्रायव्हर उतरवा, आवाज कमी उशिरानं पोचवतो तो. एसिओफॉरऑल हा तोडगा आहे, ज्या यंत्राला स्वतःचा ड्रायव्हर नाही त्याच्यासाठी. रीपरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस इथे जाऊन एसिओ निवडा, इंटरफेसचं नाव निवडा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी) 48000, ब्लॉक साइज (म्हणजेच बफर, एका वेळी हाताळायची सॅम्पल) 128. खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात रीपर येण्याचा आणि जाण्याचा उशीर मिलिसेकंदात दाखवतो, तो आकडा बघत चला.

गणित असं. 128 सॅम्पल भागिले 48000 म्हणजे 2.67 मिलिसेकंद. हा एका बाजूचा उशीर. येताना एकदा, जाताना एकदा, शिवाय कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरनं राखलेला वेळ. बेरीज दहा मिलिसेकंदांच्या आत आली तर गाणाऱ्याला सहसा जाणवत नाही. तबलजीला त्याहून कमीही खटकू शकतं. बफर 512 केला तर एका बाजूचेच 10.67 होतात आणि गाणं अशक्य होतं.

मग 64 वरच का ठेवू नये? कारण दर 1.3 मिलिसेकंदाला प्रोसेसरनं नवा घास तयार ठेवायचा असतो. एकदा चुकला की टिकटिक, फटफट असे आवाज रेकॉर्डिंगमध्ये कायमचे बसतात. म्हणून रेकॉर्ड करताना 128, मिक्सिंग करताना 512 किंवा 1024. मिक्सिंगला उशिराचा फरक पडत नाही आणि प्रोसेसरला श्वास मिळतो.

128 वरही फटफट येत असेल तर : लॅपटॉप चार्जरला लावा आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा, वायफाय बंद करा, इंटरफेस यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला जोडा. तरी थांबलं नाही तर लेटन्सीमॉन हे फुकट साधन दहा मिनिटं चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते नावासकट सांगतं.

इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण (लॅपटॉपमध्ये न जाता आवाज थेट हेडफोनमध्ये देणारं) असेल तर ते चालू करून सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिली तर आवाज दोनदा येतो, पाइपातून गायल्यासारखा.

सातमात्रा

@बफर१२८, यात एक भर. मागचं ऐकत दुसरं वाद्य रेकॉर्ड केलं आणि ते दर वेळी सारखंच मागे पडत असेल, तर ड्रायव्हर आपला उशीर चुकीचा सांगतोय. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून इनपुटला लावा, मेट्रोनोमचा एक टोला वाजवून रेकॉर्ड करा, आणि मूळ टोला व रेकॉर्ड झालेला टोला यांतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, रेकॉर्डिंग इथे मॅन्युअल ऑफसेट टाकायची जागा आहे. बफर बदललात तर पुन्हा मोजून बघा. ही चाचणी करताना आवाज अगदी खाली ठेवा आणि त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद असू द्या. नाहीतर आवाज गोल फिरत राहून स्पीकर आणि कान दोन्हींवर येईल.

लेव्हलबद्दल : 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर सगळ्यात जोराचा स्वर उणे 12 ते उणे 10 डेसिबलपर्यंत जाईल एवढाच गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) ठेवा. लाल दिव्याच्या जवळ जाण्यात काही फायदा नाही. तार सप्तकातली एक तान फाटली की ती दुरुस्त होत नाही.

लय_बिलंपत

तालाबद्दल कोणीच बोललं नाही. ही सगळी सॉफ्टवेअर चार-चारच्या हिशेबानं उघडतात. रूपकासाठी प्रोजेक्टचा टाइम सिग्नेचर (एका मेझरमधल्या, म्हणजे एका खणातल्या मात्रा) 7/4 करा, झपतालासाठी 10/4, दादऱ्यासाठी 6/4. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा चार-चारात दोन मेझरमध्ये बसतात, पण 8/4 केलंत तर एक मेझर म्हणजे एक आवर्तन होतं आणि संपादन करताना डोळ्यांना सम पटकन सापडते. मेट्रोनोमचे जोरकस टोले बदलता येतात. रूपकाला 3-2-2 असे विभाग लावले की गाणारा हरवत नाही.

मेट्रोनोमच्या क्लिकशिवाय रेकॉर्ड केलेलं गाणं असेल, आणि भजनात लय चढतेच, तर गाण्याला ग्रिडमध्ये (पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांमध्ये) कोंबू नका. ग्रिड गाण्यामागे न्या. रीपरमध्ये एका समेपासून पुढच्या समेपर्यंत टाइम सिलेक्शन करा आणि इन्सर्ट मेनूतून 'मेझर फ्रॉम टाइम सिलेक्शन, डिटेक्ट टेम्पो' घ्या. दर चार-सहा आवर्तनांनी पुन्हा करा. त्याआधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये आयटेमचा (तुकड्यांचा) टाइमबेस 'टाइम' करायला अजिबात विसरू नका. तो 'बीट्स' वर राहिला तर टेम्पो बदलताच कापलेले तुकडे जागचे हलतात आणि दहा ट्रॅक एकमेकांपासून सुटतात. लॉजिकमध्ये हेच काम स्मार्ट टेम्पोच्या 'ॲडॅप्ट' मोडमध्ये बरंचसं आपोआप होतं. ज्यांच्याकडे मॅक आहे आणि ज्यांचं काम बहुतांशी प्रत्यक्ष वाजवलेलं आहे, त्यांनी 199.99 डॉलर द्यावेत यामागे माझ्या लेखी हे मोठं कारण आहे.

सूर दुरुस्त करण्याची साधनं जपून वापरा. रीपरमध्ये रीट्यून आहे, लॉजिकमध्ये फ्लेक्स पिच, क्युबेस प्रोमध्ये व्हॅरिऑडिओ. तिन्ही किमतीतच येतात, त्यासाठी वेगळी वर्गणी लागत नाही. पण आपोआप दुरुस्ती समान अंतराच्या बारा सुरांवर नेऊन बसवते. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून 386 सेंटवर (सेंट म्हणजे सुरांतलं अंतर मोजायचं बारीक माप) असतो, सॉफ्टवेअरचा 400 वर. गायकाचा गंधार तानपुऱ्याला अगदी लागलेला असताना सॉफ्टवेअर तो 14 सेंट वर ढकलतं, आणि मग तो तानपुऱ्याशी भांडायला लागतो. मींड तर पायऱ्यांसारखी तुटते. भावगीतात पेटीच्या साथीनं एखादा स्वर हातानं सरकवणं ठीक. रागदारीत आपोआपचं बटण दाबूच नये. गाणं पुन्हा घ्यावं.

रेडमार्कर

सॉफ्टवेअर एकरकमी घेतलं तरी वर्गणी मागच्या दारानं येते, ती प्लगइनच्या (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) रूपात.

वेव्हज या कंपनीनं 2023 च्या मार्चमध्ये कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवून फक्त वर्गणी ठेवली होती : महिन्याला 14.99 आणि 24.99 डॉलर अशा दोन पायऱ्या. ग्राहकांचा इतका संताप झाला की काही दिवसांतच कंपनीनं माघार घेऊन कायमस्वरूपी लायसन्स परत आणलं. आता दोन्ही आहेत. पण अपडेट हवे असतील तर कायमस्वरूपीवाल्यांनाही ठरावीक मुदतीनंतर अपडेट योजनेचे पैसे भरावे लागतात.

वर्गणीतल्या प्लगइनचा धोका वेगळा आहे. प्रोजेक्ट उघडतं, ट्रॅक दिसतात, पण ज्या ट्रॅकवर तो रिव्हर्ब होता तिथे 'प्लगइन सापडत नाही' असं येतं आणि गाणं उघडंबोडकं ऐकू येतं. तुम्ही लावलेले आकडेही बघता येत नाहीत.

घरगुती कामाला बाहेरचं फार लागत नाही. रीईक्यू, रीकॉम्प, रीगेट आणि रीव्हर्ब ही नेहमीची प्लगइन रीपरमध्येच आहेत. रीफिर सबट्रॅक्ट मोडमध्ये लावून पंख्याची घरघर काढता येते. सुरुवातीला दहा सेकंद कोणी न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा, तो नमुना रीफिरला शिकवा, मग पूर्ण ट्रॅकवर चालवा. जास्त ताणलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, तिथे थांबा. याखेरीज टीडीआर नोव्हा, व्हॅल्हाला सुपरमॅसिव्ह आणि व्हॉक्सेंगो स्पॅन हे तिन्ही फुकट आणि उत्तम आहेत.

अंधेरी_बूथ

वर्गणीच्या बाजूनंही बोलायला हवं. मुंबईत डबिंगच्या आणि पोस्ट प्रॉडक्शनच्या बहुतेक स्टुडिओंत प्रो टूल्स चालतं. तिथून सेशन येणार असेल आणि त्यातच आवाज घालून परत द्यायचा असेल, तर वाद नको. एक महिना 9.99 डॉलर भरा, काम संपवा, थांबवा. असं वर्षातून एक-दोनदाच होत असेल तर कायमस्वरूपी काही घेण्यात अर्थ नाही. नोकरीसाठी प्रो टूल्स शिकणाऱ्यांनी इंट्रोवर हात बसवावा, शॉर्टकट तेच आहेत.

आयलॉकबद्दल (प्रो टूल्सचं लायसन्स सांभाळणारी यंत्रणा) मात्र आधी समजून घ्या. लायसन्स आयलॉकच्या क्लाउडवर ठेवलंत तर काम चालू असताना इंटरनेट सतत लागतं. सेशनच्या मध्ये नेट गेलं तर अडचण होते. शक्य असेल तिथे लायसन्स मशीनवर किंवा आयलॉकच्या यूएसबीवर ॲक्टिव्हेट करा.

आणि जी वर्गणी महिन्याची दिसते ती खरंच महिन्याची आहे का, ते वाचा. अडोबीच्या ऑडिशनसारख्या योजनांत 'वार्षिक, दरमहा बिल' असा प्रकार असतो. 14 दिवसांनंतर मध्येच सोडलंत तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. अमेरिकेत याच कारणावरून 2024 मध्ये सरकारनं कंपनीवर खटला भरला.

पेटीवाला_सांगली

मग वर्गणी थांबवण्याआधी काम बाहेर काढून ठेवायचं ते नेमकं कसं? मिक्सची एक वेव्ह पुरेल का?

सातमात्रा

एक वेव्ह पुरत नाही. तिच्यातून पेटी नंतर वेगळी काढता येत नाही. प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र फाइल काढा (यांनाच स्टेम्स म्हणतात), आणि सगळ्या शून्य सेकंदापासून सुरू झाल्या पाहिजेत. कोरस तिसऱ्या मिनिटाला येत असला तरी त्याच्या फाइलमध्ये आधीची तीन मिनिटं शांतता हवी. असं केलं की कुठल्याही सॉफ्टवेअरात सगळ्या फाइल डावीकडे टेकवून ठेवल्या की गाणं जुळतं.

रीपर : सगळे ट्रॅक निवडा, कंट्रोल + ऑल्ट + आर, सोर्समध्ये 'स्टेम्स, सिलेक्टेड ट्रॅक्स', बाउंड्समध्ये 'एंटायर प्रोजेक्ट', वेव्ह 24 बिट. लॉजिक : फाइल, एक्सपोर्ट, 'ऑल ट्रॅक्स ॲज ऑडिओ फाइल्स'. क्युबेस : ऑडिओ मिक्सडाउनमध्ये चॅनेल सिलेक्शन 'मल्टिपल' करा. एबलटन : एक्सपोर्टमध्ये 'ऑल इंडिव्हिज्युअल ट्रॅक्स'. प्रो टूल्स : गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे ट्रॅक सिलेक्ट करून ऑल्ट + शिफ्ट + 3 नं कन्सॉलिडेट (तुकडे जोडून सलग) करा, मग कंट्रोल + शिफ्ट + के नं क्लिप फाइल म्हणून काढा. मॅकवर ऑल्टच्या जागी ऑप्शन आणि कंट्रोलच्या जागी कमांड. लक्षात ठेवा, कन्सॉलिडेट केल्यानं ट्रॅकवरचे इफेक्ट फाइलमध्ये येत नाहीत, त्यासाठी ट्रॅक 'कमिट' (इफेक्टसकट पक्के) करावे लागतात.

दोन संच काढा : एक इफेक्टसकट, एक कोरा. मिडी असेल तर मिडी फाइल वेगळी. सोबत एक साधी मजकुराची फाइल : पट्टी, ताल, टेम्पो, सॅम्पल रेट. सॅम्पल रेट मुद्दाम लिहा. 48 हजारांची फाइल कुठे 44.1 हजारांची समजून वाजवली गेली तर गाणं संथ होतं आणि जवळजवळ दीड पट्टी उतरतं. ऐकणाऱ्याला वाटतं गायकानंच खालच्या पट्टीत गायलं.

जागा किती लागते? 48 हजार, 24 बिट, मोनो ट्रॅक मिनिटाला 8.64 एमबी. सहा मिनिटांच्या गाण्याचे बारा मोनो ट्रॅक म्हणजे 622 एमबी, दोन्ही संच मिळून सव्वा जीबीच्या आसपास. हे काम वर्गणी संपायच्या दिवशी करत बसू नका. गाणं पुरं झालं त्याच दिवशी करा.

डीएडब्ल्यूप्रोजेक्ट नावाचा खुला फॉरमॅटही 2023 मध्ये आला आहे. बिटविग, स्टुडिओ वन आणि क्युबेस 14 मध्ये तो चालतो. त्यातून ट्रॅक, कापाकापी आणि व्हॉल्यूम जातात. स्टेम्सना तो पर्याय नाही, पण सोबत काढून ठेवायला हरकत नाही.

माळरान

फुकटवाल्यांची बाजू थोडक्यात. मॅक असेल तर गॅरेजबँडनं सुरुवात करा. त्याचं प्रोजेक्ट पुढे लॉजिकमध्ये थेट उघडतं, केलेलं वाया जात नाही. विंडोजवर वेव्हफॉर्म फ्री, त्याला ट्रॅकची मर्यादा नाही. लिनक्सवर आर्डर : सोर्स कोड मोकळा आहे, तयार प्रोग्रॅम हवा असेल तर महिन्याला 1 डॉलरपासून किंवा एकदाच काहीतरी रक्कम द्यायची. ऑडॅसिटी कथाकथनाला, ओव्या-आरत्या साध्या रेकॉर्ड करायला उत्तम. बारा ट्रॅकचं मिक्सिंग तिच्यावर नको.

फुकटचंही धोरण बदलतं. केकवॉक सोनार आधी पैशांचं होतं. गिब्सननं 2017 च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं काम थांबवलं, 2018 मध्ये बँडलॅबनं ते घेऊन फुकट केलं, 2023 मध्ये पुन्हा पैशांच्या नव्या सोनारची घोषणा झाली, आणि 2025 मध्ये त्याचीही फुकट आवृत्ती आली. फुकट असलं तरी त्याचं ॲक्टिव्हेशन दर काही महिन्यांनी ऑनलाइन ताजं करावं लागायचं. ते राहिलं तर सेव्ह होत नसे. सातमात्राताईंनी सांगितलेली स्टेम्सची शिस्त फुकटवाल्यांनाही तेवढीच लागू.

नवा इंटरफेस घेणाऱ्यांनी खोक्यातला नोंदणीचा कागद फेकू नये. अनेक कंपन्या एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्युबेसची छोटी आवृत्ती सोबत देतात. पण सोबत 'तीन महिने मोफत' असलेली वर्गणीही असते. त्या दोन्हींतला फरक बघून नोंदणी करा.

पेटीवाला_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. रीपर घेतोय. शेवटचा प्रश्न : पुढच्या महिन्यात लॅपटॉप फॉरमॅट करायचा आहे. आधी काय काय करायचं?

बफर१२८

रीपरचं लायसन्स म्हणजे एक छोटी फाइल, ईमेलनं येते. ती पेनड्राइव्हवर आणि मेलवर दोन्हीकडे ठेवा. फॉरमॅटनंतर पुन्हा दिली की झालं, ऑनलाइन ॲक्टिव्हेशन नाही. सेटिंग आणि शॉर्टकट वाचवायला प्रेफरन्सेसच्या जनरल पानावर 'एक्सपोर्ट कॉन्फिगरेशन' आहे.

प्रत्येक प्रोजेक्ट 'सेव्ह ॲज' करून 'क्रिएट सबडिरेक्टरी' आणि 'कॉपी ऑल मीडिया' या दोन्ही खुणा करून सेव्ह करा. नाहीतर प्रोजेक्ट एका फोल्डरात आणि वेव्ह डाउनलोड्समध्ये, असं निघतं. फोल्डर बाहेरच्या डिस्कवर नेऊन तिथूनच एकदा उघडून वाजवून बघा, मगच लॅपटॉप पुसा.

इतरांसाठी : आयलॉकवरची लायसन्सं फॉरमॅटच्या आधी मशीनवरून डिॲक्टिव्हेट करा. मशीन पुसल्यावर ती तिथेच अडकतात आणि सोडवायला सपोर्टला लिहावं लागतं. क्युबेस 12 पासून डोंगल (लायसन्सची यूएसबी) गेलं, एका लायसन्सवर तीन संगणक चालतात, पण जुना संगणक ॲक्टिव्हेशन मॅनेजरमधून आधी काढलेला बरा. वर्गणीची प्लगइन असतील तर त्यांच्या प्रत्येक ट्रॅकचा प्रीसेट (लावलेल्या आकड्यांचा संच) वेगळा सेव्ह करून प्रोजेक्टच्याच फोल्डरात ठेवा.